जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलताना या चुका टाळा (यातल्या तीन माझ्या स्वतःच्या)

आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा पोटमाळ्यावरून काय काय उतरलं ते सांगायला बसलो तर रात्र होईल, पण त्यात काकांचा रेकॉर्ड प्लेअर होता, गॅरार्ड कंपनीचा, तीन स्पीडचा, वरती पंचवीस-तीस वर्षांची धूळ. काका म्हणाले, "चालू होता रे, सुई गेली म्हणून वर टाकला." झालं, मी सुई आणायला निघालो. एका सुईपायी पुढचे सात-आठ महिने, लॅमिंग्टन रोडच्या नऊ-दहा फेऱ्या, एक मोडलेलं कार्ट्रिज आणि आत्याचा अबोला एवढा सगळा खर्च झाला म्हणून हे लिहितोय. हल्ली बऱ्याच घरात असं एखादं मशीन माळ्यावरून उतरतंय नाहीतर चोर बाजारातून उचलून आणलं जातंय, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच की सुई कुठे मिळेल. कुठे मिळेल ते नंतर बघू हो, आधी कुठली सुई ते ठरवा, आणि ते मशीनवर लिहिलेलं नसतं.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो: रेकॉर्डच्या खाचेत जे फिरतं ते हिऱ्याचं बारीक टोक, ते एका केसाएवढ्या दांडीच्या शेंड्याला चिकटवलेलं असतं, त्या दांडीला कॅन्टिलिव्हर म्हणतात, आणि टोक, दांडी, प्लास्टिकची पकड हे सगळं मिळून स्टायलस, म्हणजे आपण ज्याला सुई म्हणतो ते. सुईची थरथर विजेत बदलणारी जी डबी मागे असते ते कार्ट्रिज. डबी ज्यात बसते ते हेडशेल आणि हेडशेल ज्याच्या टोकाला ते टोनआर्म. बस, एवढं पुरे.

मशीनचं नाव सांगून सुई मागू नका

माझी पहिली चूक. काउंटरवर गेलो आणि म्हटलं गॅरार्डची सुई द्या. त्याने मॉडेल विचारलं, मी सांगितलं, त्याने आतून एक पिवळी पडलेली पुडी काढली, मी पैसे दिले आणि खुशीत घरी आलो. बसेचना. फोन केला तर म्हणे जरा दाबून बसवा, नवीन आहे ना, टाइट असते. मी दाबली. कट् असा आवाज आला आणि कार्ट्रिजच्या तोंडाशी जी प्लास्टिकची कड असते ती माझ्या बोटाला चिकटून बाहेर आली.

आता विचार केला तर हसू येतं. गॅरार्डने बनवलं ते फिरणारं मशीन आणि आर्म, आर्मच्या टोकाची डबी दुसऱ्याच कंपनीची. चष्मेवाल्याला फ्रेमची कंपनी सांगून काचेचा नंबर मागावा तसला प्रकार. त्यात ही मशीनं चाळीस-पन्नास वर्षं जुनी, मधल्या काळात कोणी कोणी हात लावलेला, मिळेल ते कार्ट्रिज बसवलेलं. आमच्या मशीनला मुळात सिरॅमिक कार्ट्रिज (आत चिनीमातीसारखा तुकडा, तो वाकला की वीज तयार होते) असणार, पण ऐंशीच्या सुमारास कधीतरी काकांनीच ते काढून शुअर कंपनीचं एम४४, म्हणजे चुंबकावर चालणारं मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवून घेतलं होतं आणि ते स्वतःच विसरले होते. मला दुकानात मिळाली ती मूळच्या सिरॅमिकची सुई. म्हणजे दुकानदाराने दिलं ते बरोबरच होतं, मी विचारलं ते चूक.

तर करायचं काय, हेडशेल फिरवून काढा (न निघणारं असेल तर खाली आरसा धरा), मोबाइलचा टॉर्च लावा आणि झूम करून फोटो काढा, पुढून, दोन्ही बाजूंनी, खालून आणि मागच्या पिनांचा. डोळ्यांना दिसत नाही ते फोटोत दिसतं. नंबर कधी तोंडावर असतो, कधी बाजूला, आणि कधी डबीच्या डोक्यावर जो भाग हेडशेलला टेकलेला असतो तिथे, मग दोन स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही. कंपन्यांची एक पद्धत असते ती कळली की अर्धं काम होतं: शुअरमधे डबीचा नंबर बहुतेकदा एमने सुरू होतो आणि सुईचा एनने, म्हणजे एम४४ला एन४४. ऑडिओ-टेक्निकामधे बहुतेकदा डबी एटी, तर सुई एटीएन. सुईच्या प्लास्टिकवरचा नंबर बघून खूश होऊ नका, ती सुई मागच्या मालकाने चुकीची बसवलेली असू शकते, डबीचा नंबर तोच खरा.

नंबर पुसला गेलाय, कंपनीही कळत नाही, तर अंदाजपंचे सुया मागवत बसू नका. तीन चुकीच्या सुयांच्या पैशात एक नवीन बरं कार्ट्रिज येतं.

आणखी एक गंमत जी मला फार उशिरा कळली. एकाच डबीत वेगवेगळ्या सुया बसतात आणि रेकॉर्डवर किती वजनाने टेकवायचं ते सुईवर ठरतं, डबीवर नाही. एम४४चंच घ्या, एन४४-७ सुईला दीड ते तीन ग्रॅम, एन४४जीला पाऊण ते दीड, एन४४सीला तीन ते पाच. तिन्ही बाहेरून बघायला भावंडं. म्हणजे एम४४ला किती वजन ठेवू असं कोणी विचारलं तर उत्तरच देता येत नाही, आधी सुई कुठली ते सांग.

मेलेल्या क्रिस्टलला नवीन सुई लावत बसू नका

हे मुंबईकरांनी नीट वाचा. पूर्वी घरोघरी जे छोटे सूटकेससारखे प्लेअर होते, एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो वगैरे, त्या प्रकारच्या मशीनांमधे बहुतेक क्रिस्टल नाहीतर सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. क्रिस्टल म्हणजे आत रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक, तो वाकला की वीज तयार होते. आता क्षार म्हटला की पुढचं कळलंच असेल, ओल लागली की तो खलास. जूनमधे आपल्याकडे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, तरी मीठ चिकट होतंच, मग चाळीस पावसाळे काढलेल्या त्या स्फटिकाचं काय झालं असेल. उष्णताही त्याला सोसत नाही, पंचावन्न डिग्रीच्या आसपास तो कामातून जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापतं ते ज्याने काढलंय त्याला माहीत.

लक्षणं अशी: आवाज फार बारीक, व्हॉल्यूम पूर्ण केला तरी दूरून कोणी गातंय असं, खर्ज गायब, किंवा एक बाजू बंद. सुई नवीन घाला, काही फरक पडत नाही, कारण सुई बरी आहे, मागचा स्फटिक गेलाय. अशा वेळी पूर्ण कार्ट्रिजच बदलायचं आणि ते सिरॅमिकचं घ्यायचं, सिरॅमिकला ओलीचा एवढा त्रास नसतो.

इथे बरेच जण शहाणपणा करतात (मी पण करणार होतो, चाचांनी वाचवलं) की जुनं काढून चांगलं मॅग्नेटिकच बसवू. नका. सिरॅमिक काही शे मिलिव्होल्ट देतं, तुमच्या त्या छोट्या प्लेअरचा अँप तेवढ्याचीच वाट बघत असतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज देतं चार-पाच मिलिव्होल्ट, त्याला मधे फोनो प्रीअँप लागतो, जो आवाज मोठाही करतो आणि रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज परत भरतो, त्या भरण्याचं माप ठरलेलं आहे, आरआयएए म्हणतात, १९५४पासूनचं. प्रीअँप आणलात तरी त्या प्लेअरचा आर्म सहा-सात ग्रॅम वजनासाठी बनवलेला, दोन ग्रॅमवर तो नीट चालतच नाही, वर मोटरची घरघर जी सिरॅमिकने झाकली होती ती सगळी ऐकू येणार. उलटंही करू नका, सिरॅमिकची वायर अँपच्या फोनो सॉकेटला लावली की आवाज फाटतो आणि माणूस पुन्हा सुईला शिव्या देतो. सिरॅमिकला ऑक्स, म्हणजे अँपचं साधं सॉकेट.

चाचा म्हणजे ग्रँट रोडच्या गल्लीत एक जुने मेकॅनिक आहेत, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी माझं मशीन हातात घेतल्यावर पहिलं काय केलं तर सुई बघितलीच नाही, आर्म एका बोटाने हलकेच वर खाली, मग डावी-उजवीकडे सोडला, आणि तो कुठे अडकतो का ते बघितलं. "बेटा, हात में दर्द है तो नाखून काटके क्या फायदा." जुन्या मशीनचं ग्रीस घट्ट होऊन आर्मच अडखळत असतो आणि आपण सुया बदलत राहतो. ती चूक मी त्यांच्यामुळे करायचा राहिलो.

७८ आणि एलपी

आता आत्याचा अबोला, म्हणजे माझी दुसरी चूक. ७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी जुनी लाखेची रेकॉर्ड, एलपी म्हणजे नंतरची ३३ फेऱ्यांची. तिच्याकडे दादरला जो छोटा प्लेअर होता त्यात उलटायची सुई होती, म्हणजे एक चिमुकली दांडी फिरवली की एका बाजूला ७८ची सुई आणि दुसऱ्या बाजूला एलपीची. मी आधी आजोबांची बालगंधर्वांची ७८ लावून बघितली, छान वाजली, मग त्याच जोशात आत्याची एक एलपी लावली, दांडी फिरवायचं विसरून. आवाज जरा खरखरीत आला, मला वाटलं जुनी आहे, धूळ असेल. पूर्ण बाजू वाजू दिली. सुई उचलल्यावर टोकाला काळा भुगा लोंबत होता, झाडूला केस लागतो तसा. ती धूळ नव्हती, ती एलपी होती.

हिशेब साधा आहे. ७८ची खाच रुंद, तिला साधारण तीन मिल टोकाची सुई, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपी १९४८ला आली ती बारीक खाच घेऊन, तिला मोनोमधे एक मिल आणि स्टिरिओ आल्यावर पॉइंट सहा-पॉइंट सात मिल, म्हणजे १५ ते १८ मायक्रॉन. ७८ची जाड सुई एलपीच्या खाचेत उतरतच नाही, कडांवर घासत जाते आणि एकाच फेरीत वाट लावते. उलट एलपीची बारीक सुई ७८मधे तळाला जाऊन पडते, तिथे शंभर वर्षांचा कचरा साठलेला, त्यामुळे गाणं कमी आणि तळणीचा आवाज जास्त, आणि लाखेत घातलेली खनिज पावडर त्या नाजूक टोकाला खाते.

तुम्ही म्हणाल ७८ आता कोण वाजवतं. अहो आपल्याकडे ७८ फार उशिरापर्यंत निघत होत्या, बाहेर बंद पडल्यावरही, बीटल्सच्या गाण्यांच्या ७८ भारतात निघाल्या आहेत आणि परदेशातले शौकीन त्या शोधत फिरतात. त्यामुळे मराठी घरातल्या ट्रंकेत दोन्ही एकत्र सापडतात, नाट्यपदं ७८वर, त्यानंतरचं सगळं एलपीवर. म्हणून कार्ट्रिज निवडतानाच असं निवडा की एकाच डबीत दोन्ही सुया बसतील. शुअरने एम४४साठी एन४४-३ नावाची ७८ची सुई काढली होती. नवीन घेणार असाल तर ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका यासाठी सोयीची, सगळ्या सुया एकमेकींच्या डबीत बसतात, रोजची व्हीएमएन९५ई दोन ग्रॅमवर आणि ७८साठी व्हीएमएन९५एसपी पाच ग्रॅमवर. वजन बदलायला विसरायचं नाही. मी दोन हेडशेल ठेवलेत आणि ७८वाल्यावर लाल नेलपेंटचा ठिपका मारलाय, बायकोने विचारलं माझं नेलपेंट कुठे गेलं.

चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन हा वेगळाच विषय, ती एका बाजूला एक अशी वापरून फेकायची असते आणि त्या भोंगेवाल्या मशीनवर एलपी कधीच, कधीच लावायची नाही, फोटोपुरतीसुद्धा. आणि सुई बदलायच्या आधी रेकॉर्ड धुणार असाल तर ७८ला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

"सीलपॅक जुना माल"

चोर बाजारात, ऑनलाइन, सगळीकडे हे ऐकाल. वापरलेली नाही, कंपनीची ओरिजिनल, सीलपॅक. पण कॅन्टिलिव्हर ज्याच्यावर तोललेला असतो ते इवलंसं रबर असतं, आणि रबर पाकिटातही म्हातारं होतं. कधी दगडासारखं कडक होतं, मग सुई खाचेतल्या वळणांमागे जाऊ शकत नाही आणि प्रत्येक 'स' 'श' फाटतो, कधी उलट विरघळून गुळासारखं होतं, मग सुई टेकवली की डबीचं पोट रेकॉर्डवर बसतं. एका मित्राने हौसेने सत्तरच्या दशकातली अशी सुई घेतली, चांगली महाग, टेकवली आणि डबी सरळ झोपलीच. त्याला वाटलं वजन जास्त झालं, म्हणून कमी कमी करत शेवटी सुई हवेत तरंगायला लागली.

शुअरने २०१८मधे कार्ट्रिज बनवणं बंद केलं, त्यामुळे आता "ओरिजिनल शुअर" म्हणून जे मिळतं ते एकतर जुना साठा नाहीतर नक्कल, नकला भरपूर आहेत आणि खोक्याचा छापा अगदी हुबेहूब असतो. मी जपानच्या जिको कंपनीची सुई घेतली, ते कितीतरी बंद पडलेल्या मॉडेलांच्या सुया नव्याने बनवतात. बाहेरून मागवताना कस्टम्सचा भुर्दंड धरून किंमत काढा, नाहीतर कुरिअरवाला दारात उभा आणि आपण शेजाऱ्याकडे उसने मागतोय अशी पाळी येते.

चोर बाजारात सुईसकट मशीन घेताना घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग खिशात ठेवा. समोरून बघा, कॅन्टिलिव्हर सरळ आहे का एका बाजूला कललाय, टोक आहे का मुळात (हसू नका, नसतं). टोक झिजलंय का ते भिंगातून नक्की कळत नाही, त्याला मोबाइलला जोडायचा मायक्रोस्कोप बरा, झिजलेल्या टोकावर प्रकाश तिरका पाडला की दोन बाजूंना चपटे चकाकणारे डाग दिसतात. आणि टोक हिऱ्याचं आहे का नीलमण्याचं ते विचारा, जुन्या सिरॅमिकच्या स्वस्त सुयांना सॅफायर असायचं, ते चाळीस-पन्नास तासात झिजतं. हिरा शेकडो तास जातो, टोकाच्या घडणीप्रमाणे, लंबगोल (एलिप्टिकल) तीनशे तास, अगदी बारीक कडेचं (मायक्रोलाइन) हजार असा ऑडिओ-टेक्निकाचा हिशेब आहे. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं धरली तर तीनशे तास म्हणजे साधारण चारशे एलपी. रोज एक लावली तर वर्षभर. मागच्या मालकाने किती लावल्या ते तो सांगणार नाही, त्यामुळे मशीनसोबत आलेली सुई झिजलेलीच धरा.

टोनआर्मवर नाणं

प्रत्येक घरात हा इलाज झालेला आहे. सुई उडते? ठेव वर नाणं. काकांच्या हेडशेलवर अजून चिकटपट्टीचा डाग आहे. रुपयाचं कुठलंही नाणं घ्या, तीन ग्रॅमच्या खाली नाही, म्हणजे दोन ग्रॅमवर चालणाऱ्या सुईवर तुम्ही एकदम पाच-सहा ग्रॅम टाकले. उडायची थांबते हे खरं, कॅन्टिलिव्हर दबतो, रबर बसतं आणि खाच रुंद होत जाते.

पण उलटी चूकही तितकीच आहे आणि ती शिकलेले लोक करतात, रेकॉर्डला जपायचं म्हणून वजन कमीत कमी ठेवायचं. हलकी सुई मोठ्या आवाजाला खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि ते घासण्यापेक्षा वाईट. कंपनीने दीड ते तीन लिहिलं असेल तर मधे किंवा मधल्याच्या किंचित वर. अँटीस्केटिंगचा (आर्म मधे ओढला जाऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला जो हलका ताण देतात त्याचा) आकडा सुरुवातीला वजनाएवढाच.

वजन मोजायला सोनारांचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, झवेरी बाजारात मिळतो, ऑनलाइनही मिळतो. तो बरोबर आहे का ते बघायचं तर २०११च्या मालिकेतलं पिवळसर पाच रुपयांचं नाणं ठेवा, ते सहा ग्रॅमचं, झिजलेलं नको. एक धोका सांगतो, काट्याची ताटली लोखंडी असेल तर मॅग्नेटिक सुईतलं चुंबक तिला चिकटू बघतं आणि आकडा भलताच येतो. मला एकदा साडेपाच ग्रॅम दाखवत होता आणि मी अर्धा तास आर्मच्या मागचं वजन फिरवत बसलो. ताटलीवर प्लास्टिकचा छोटा ठोकळा ठेवून शून्य करा आणि त्याच्यावर सुई टेकवा, शक्यतो रेकॉर्डच्या उंचीला.

चुंबकावरून आठवलं, माझी तिसरी चूक. जिकोची सुई आली, मी ती बसवून मग हेडशेलचे स्क्रू घट्ट करत होतो, पेचकस जवळ गेला आणि टप्. पेचकस सुईकडे ओढला गेला. कॅन्टिलिव्हर वाचला, पण तो सेकंद मी विसरणार नाही. बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजमधे सुई पुढे ओढली की सुटी होते. आधी सुई काढा, मग डबी बसवा, स्क्रू, वायरी, सगळं झाल्यावर सर्वात शेवटी सुई. वायरींचे रंग ठरलेले आहेत: लाल उजवी, हिरवी उजवीची ग्राउंड, पांढरी डावी, निळी डावीची ग्राउंड. कार्ट्रिजच्या पिनांवर थेट सोल्डर मारायचं नाही, आतली तार वितळून सुटते. आणि मागे चार पिना सरळ बाहेर असलेलं, बाजूला एकच स्क्रू, ते पी-माउंट, ते अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंच्या हेडशेलमधे अॅडॉप्टरशिवाय बसत नाही, ऑर्डर करायच्या आधी फोटो मोठा करून बघा.

महाग म्हणजे बरं असं नाही

हा भाग थोडा गणिताचा, पण पैसे वाचवेल. जड आर्मला मऊ सुई आणि हलक्या आर्मला कडक सुई जमत नाही. आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममधे बेरीज करा, तिला सुईच्या कंप्लायन्सने (म्हणजे सुई किती मऊ आहे त्याच्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा, १५९ला त्याने भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्झच्या मधे आलं (आर्म आणि सुई मिळून ज्या गतीला डोलतात ती) की लग्न जमलं. टेक्निक्स एसएल-१२०० घ्या, आर्म १२ ग्रॅम, त्याला ऑर्टोफॉनचं टूएम रेड ७.२ ग्रॅम, स्क्रू पाऊण-एक ग्रॅम, झाले २०, कंप्लायन्स २०, गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर जवळजवळ ८. काठावर पास. जपानी कार्ट्रिजच्या कागदावर कंप्लायन्स बऱ्याचदा १०० हर्ट्झला दिलेला असतो, तो दीड-पावणेदोनने गुणून घ्या, नाहीतर गणित चुकतं. उत्तर ६च्या खाली गेलं तर जरा वाकडी रेकॉर्ड लागली की वूफर पंख्यासारखा आत-बाहेर हलतो आणि सुई उडते. गॅरार्डच्या त्या जाडजूड आर्मला मी जर हौसेने भारीतली मऊ सुई घेतली असती तर पैसे पाण्यात, एम४४सारखं साधं राकट कार्ट्रिजच त्याला बरं.

एवढं करूनही सुई उडत असेल तर एकदा खोलीत चालून बघा. चाळीच्या लाकडी जमिनीवर कोणी पाऊल टाकलं की आमची सुई दोन ओळी पुढे जायची, त्याला जगातली कुठलीही सुई काही करणार नाही. मशीन भिंतीला ठोकलेल्या फळीवर गेलं आणि उडणं बंद.

सुईला विनाकारण बदनाम करण्याआधी

एक बाजू बंद आहे? हेडशेलवरच्या लाल-हिरव्या आणि पांढऱ्या-निळ्या जोड्यांची अदलाबदल करून बघा. बंद बाजू बदलली तर कार्ट्रिज, तीच राहिली तर पुढची वायर किंवा अँप. बहुतेक वेळा दोन्ही नाही, हेडशेलच्या पिनांवर समुद्राच्या हवेची काळी पुटं असतात, खोडरबराने घासा.

हम, म्हणजे सतत घूं असा आवाज, येतो? आर्मखालून येणारी बारीक ग्राउंडची वायर अँपला लावलीय का बघा. जुन्या बिल्डिंगमधे मुळात अर्थिंगच नसतं, तिथे इलेक्ट्रिशियनला बोलवा, सुई नको.

प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो? कार्ट्रिज हेडशेलमधे थोडं मागे-पुढे किंवा तिरकं बसलंय. अलाइनमेंटचा कागद प्रिंट करून घ्या, आणि टेक्निक्सचा आर्म असेल तर हेडशेलच्या मागच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी मोजा, काम झालं.

सगळंच हळू आणि जड वाजतंय, लता मंगेशकरही पुरुषासारख्या ऐकू येतात? मामाने अमेरिकेहून आणलेलं मशीन आहे का विचारा. त्या मोटरी ६० हर्ट्झच्या, आपल्याकडे ५०, ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट दिले तरी ३३चं मशीन २८च्या खालीच फिरतं. त्याला ५० हर्ट्झची पुली लागते.

आमचा गॅरार्ड आता वाजतो. काकांना पहिली रेकॉर्ड लावून दिली तर त्यांनी गाणं ऐकायच्या आधी हेडशेलवर बोट फिरवून बघितलं, नाणं कुठे गेलं म्हणून. आत्या मागच्या गणपतीपासून बोलायला लागलीय, तीच एलपी मी ऑपेरा हाउसजवळ एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडून शोधून दिली तेव्हा. सुईचे तास मी कालनिर्णयवर लिहितो, ज्या चौकोनात आई दुधाचे अर्धे लिटर लिहायची त्याच कोपऱ्यात, आज सकाळपर्यंत एकशे बारा.